पावतीबाई

अख्खं शहर त्यांना पावतीबाई म्हणायचं. नाव दुकानदारांनी पाडलेलं, आणि अर्थातच प्रेमानं नाही. बाई दारात दिसल्या की आत कुजबुज व्हायची, "आली रे, पावतीबाई आली," आणि गल्ल्यावरचा माणूस उगीचच ताठ बसायचा. सुई घेतली तरी बाई पावती मागायच्या. एकदा दात काढून आल्या, त्याचीही पावती मागून आल्या. "दात परत बसवून घेणार आहात का?" असं डॉक्टरनं विचारलं, तर म्हणाल्या, "चुकीचा काढला असलात तर हो."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एक बूट हातात घेऊन. बूट घेऊन तीनच दिवस झाले होते आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना जिन्यातच त्याचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. एक पाय फरफटत मी मुलाखत दिली आणि अपेक्षेप्रमाणे नापास झाले. रडवेली होऊन घरी आले तर ताई म्हणाली, "माझ्यापुढे काय रडतेस? त्या पावतीबाईंकडे जा."

एका शिंप्याच्या दुकानावर त्यांच्या ग्राहक संस्थेच्या दोन खोल्या होत्या. खाली मशिनं चालायची तेव्हा वरची फरशी बारीक थरथरायची. तीन टेबलं, पोलादी कपाटं, आणि भिंतीला लागून लोकांनी आणून टाकलेल्या वस्तू: न तापणाऱ्या इस्त्र्या, झाकण न बसणारे डबे, एका हाताची बाहुली. बाईंनी बूट उलटा केला, तळव्यावर नख ओढलं आणि विचारलं, "पावती?"

मी दिली.

"शाबास," त्या म्हणाल्या. इतक्या मनापासून की बूट मीच बनवलाय असं मला वाटलं.

तीन आठवड्यांत नवा बूट मिळाला. तो घ्यायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "नोकरीचं काय झालं?"

"गेली ती."

"टायपिंग येतं?"

येत होतं. तिथून पुढची वीस वर्षं मी त्या थरथरत्या फरशीवर काढली.

बाई मुळात शाळेत भूमिती शिकवायच्या. एका वर्षी मुलांच्या कंपासपेट्यांमधले कोनमापक चुकीचे निघाले, नव्वद अंशांचा कोन अठ्ठ्याऐंशीचा भरायचा. बाकीचे शिक्षक म्हणाले, दोन अंशांनी काय बिघडतं. बाईंनी कारखान्याला अकरा पत्रं लिहिली. बाराव्यांदा स्वतः गेल्या आणि मालकाच्या टेबलावर काटकोन काढून दाखवला. कोनमापक बदलून मिळाले. मग कुणाच्या आईनं बिघडलेलं शिलाई मशिन आणलं, कुणाच्या काकांनी खोटं औषध आणलं, आणि दोन वर्षांत बाईंनी शाळा सोडली. लग्न केलं नाही. त्यांची वहिनी म्हणायची, "केलं असतं तर चार दिवसांत नवरा बदलून आणला असता." हे सांगताना बाई स्वतःच सगळ्यांत जास्त हसायच्या.

मी लागले तेव्हा गिझरचा खटला संपत आला होता. एका सलूनवाल्याची तरुण बायको अंघोळीला गेली ती परत आली नाही. त्या गिझरमध्ये अर्थिंगची तार नुसती टेकवलेली असायची, जोडलेली नसायची. वर्ष-दीड वर्षात ती सुटायची, आणि मग आतल्या कॉइलला चीर पडली की नळाच्या धारेतून सरळ करंट यायचा. बाई सात वर्षं लढल्या. कंपनीचा वकील दर तारखेला म्हणायचा, सलूनवाल्याच्या बायकोचे हात ओले होते ही कंपनीची चूक नाही. सात वर्षांनी निकाल लागला: त्या बनावटीचे सगळे गिझर कंपनीनं परत घ्यावेत.

कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तळहाताएवढी, हरवलेल्या कागदपत्रांच्या सूचनांमध्ये कोंबलेली. वाचायला भिंग लागावं.

"एवढ्यावर कोण गिझर काढणार?" बाई म्हणाल्या. "थंडी पडायच्या आत आपणच जायचं. घरोघर."

दुकानादुकानांतून त्यांनी विक्रीच्या पावत्यांच्या नकला मिळवल्या. ज्यांना आयुष्यभर त्या छळत आल्या त्याच दुकानदारांनी मुकाट्यानं वह्या काढून दिल्या. आमच्या शहरात तीनशे साठ घरं निघाली. प्रत्येक घराचं एक कार्ड मी टाइप केलं. बाई, एक म्हातारे वायरमन आणि मी, अशी तिघांची फौज. मी किंवा बाईंनी जाऊन घरच्यांना समजावायचं, मग वायरमनकाकांनी जाऊन गिझरची केबल कापायची. नियम एकच: घर बंद असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, तिन्ही तारखा कार्डावर लिहायच्या, आणि मगच कार्ड बाईंकडे सहीला द्यायचं.

उन्हाळाभर आम्ही जिने चढलो. लोक दार उघडेनात. उघडलं तर म्हणायचे, "आमचा तर छान चालतो!" एका आजोबांनी मला चोर समजून पाठीमागे कुत्रा सोडला. बाई मात्र पंचावन्नाव्या वर्षी चौथ्या मजल्यावर जाऊन, धाप लागलेली असतानाही पहिलं वाक्य हसूनच बोलायच्या.

शेवटची अकरा कार्डं राहिली होती, त्यांतली चार माझ्याकडे. त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. माझ्या भाच्याचा वाढदिवस होता, ताईनं लवकर बोलावलं होतं, आणि मला केक न्यायचा होता. चौथं कार्ड एका जुन्या इमारतीतल्या सगळ्यांत वरच्या मजल्याचं होतं. मी खाली उभी राहून वर पाहिलं. खिडक्या लावलेल्या होत्या. खालच्या मजल्यावर एक बाई पायऱ्या पुसत होती. तिला विचारलं, "वरचे लोक आहेत का?"

"दुपारी कुणी दिसत नाही बाई," ती म्हणाली. नीट न बघताच म्हणाली.

मी वर गेले नाही. चार जिने होते, बस. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं कारण वीस वर्षं शोधूनही मला सापडलेलं नाही. भिंतीला कार्ड टेकवून मी लिहिलं, "घर बंद. तीनदा गेले. राहणारे सोडून गेल्याचं कळलं." आणि तीन तारखा टाकल्या. एक खरी, दोन मनातल्या.

बाईंनी कार्डांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या. त्या दिवशी आम्ही आइस्क्रीम खाल्लं. वायरमनकाकांनी तर दोन खाल्ली.

पाच महिन्यांनी, थंडीच्या पहिल्या आठवड्यात, बातमी आली. पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एका माणसाची नऊ वर्षांची मुलगी सकाळी शाळेला जायच्या आधी अंघोळीला गेली होती. पत्ता माझ्या चौथ्या कार्डावरचा होता.

बाईंनी पेपर घडी करून ठेवला. कपाटातून कार्ड काढलं. तिन्ही तारखांवरून बोट फिरवलं. मग मान वर न करता विचारलं, "इथं तू गेली होतीस ना?"

"हो."

"तीनदा?"

"हो बाई. तीनदा."

 कार्ड त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पत्रकार आले. कंपनीनं आधीच हात झटकले होते: आम्ही जाहिरात दिली होती, या शहरातली घरं शोधायचं काम या संस्थेनं अंगावर घेतलं होतं. एका पत्रकारानं विचारलं, "बाई, हे घर तुमच्या यादीत होतं का?"

"होतं."

"मग?"

बाईंच्या शेजारच्याच टेबलाशी मी बसले होते. माझे हात टाइपरायटरवर होते.

"ते घर माझ्याकडे होतं," बाई म्हणाल्या. "मी पोचले नाही."

हे वाक्य तसंच्या तसं छापून आलं. फोटोसकट. ज्या दुकानदारांनी वह्या काढून दिल्या होत्या त्यांतले काही जण आता तोंडावर हसायचे. "बाई, त्या पोरीची पावती घेतलीत का?" असंही एकानं विचारलं. मी तिथं होते. बाईंनी त्याच्याकडून घेतलेला साबण पिशवीत टाकला, पावती घेतली आणि बाहेर पडल्या. संस्थेतल्या दोघा मोठ्या माणसांनी राजीनामे दिले. त्या वर्षी बाईंना एक मोठा सन्मान मिळायचा होता, त्याचं पत्र आलंच नाही. विचारायलाही त्या गेल्या नाहीत.

आणि मी? मी रोज कामावर जात राहिले. सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे. बंद दार दिसलं की चार-चारदा जायचे. लोक म्हणायचे, बाईंना खरी वारस मिळाली. हे कुणी म्हणालं की माझी भूक मरायची. रोज सकाळी जिना चढताना ठरवायचे की आज सांगायचं. वर जाऊन बाईंचा चेहरा बघितला की उद्यावर टाकायचे. आज-उद्या करत एकोणीस वर्षं गेली.

त्या एकोणीस वर्षांत बाईंनी एक लढा कधीच सोडला नाही. धोक्याची वस्तू परत घ्यायची तर नुसती जाहिरात चालणार नाही, बनवणाऱ्यानं प्रत्येक गिऱ्हाइकापर्यंत स्वतः माणूस पाठवला पाहिजे आणि गिऱ्हाइकाची सही आणली पाहिजे, असा नियम त्यांना हवा होता. आठ वर्षं अर्ज, खेटे, समित्या. साहेब लोक बाईंना बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसवून ठेवायचे. बाई पर्समधून सफरचंद काढून, चाकूनं चिरून शिपायाला अर्धं द्यायच्या आणि वाट बघायच्या. शेवटी नियम झाला. किती घरांतली किती माणसं त्यामुळे जगली असतील याची मोजदाद कुणी करू शकत नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. समारंभाला बाई गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू जा. भाषण करू नकोस, फक्त नियमाची प्रत घेऊन ये."

मग बाई आजारी पडल्या. फुप्फुसांचा आजार, वय चौऱ्याहत्तर. दवाखान्यात सहा जणींच्या खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी रोज दुपारी जायचे. एका दुपारी त्यांनी नर्सला औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून दाखवायला लावली. नर्स हसली, वाचली, गेली. बाकीच्या खाटांवर सगळ्या झोपल्या होत्या. त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले.

"बाई, मी त्या घरी गेले नव्हते."

कोणतं घर, असं त्यांनी विचारलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. "बाई, मी एकदाही वर गेले नव्हते. तारखा खोट्या..."

"कार्डावरची मधली तारीख रविवारची होती," बाई म्हणाल्या. प्रत्येक वाक्याला त्यांना थांबावं लागत होतं. "त्या रविवारी दिवसभर तू माझ्या घरी होतीस. आपण दोघी निकालाच्या नकला लावत बसलो होतो. वहिनीनं तुला भजी... नाही, ताटलीत काहीतरी दिलं होतं. आठवत नाही. पण तू तिथं होतीस."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "मला हाकलून का दिलं नाहीत?"

"रागावले होते गं. खूप. दोन वर्षं तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं." त्यांनी डोळे मिटले. "पण कार्डावर सही माझी होती. गठ्ठा आला आणि मी धडाधड सह्या केल्या. मला आइस्क्रीमची घाई होती. रविवार आहे, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं. जन्मभर मी लोकांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका."

"तुम्ही मला वाचवलंत."

"तुला नाही वाचवलं. तू चोवीस वर्षांची होतीस, तुझ्या अंगावर ते पडलं असतं तर तू उठली नसतीस हे खरं. पण मी बोलले ते खरंच बोलले. घर माझ्याकडेच होतं."

मी त्यांच्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला, हलका, सुकलेला. तशीच राहून मी विचारलं, "त्या मुलीच्या वडलांना जाऊन सांगू?"

"ते तू ठरव," बाई म्हणाल्या. "पण स्वतःचं मन हलकं करायला जाऊ नकोस. त्यांच्या घरी ओझं टाकायला जागा नाहीये."

चार दिवसांनी बाई गेल्या. पोचवायला किती माणसं आली होती! औषधवाले, इस्त्रीवाले, ज्यांच्यावर त्यांनी खटले भरले तेही. सलूनवाला, आता पार पिकलेला, सगळ्यांच्या मागे उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. मला कुणीतरी पुढे ढकललं, दोन शब्द बोला म्हणाले. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि सगळ्यांना वाटलं, केवढं हे प्रेम.

महिनाभरानं मी त्या इमारतीत गेले. चार जिने चढले. दार अर्धं उघडं होतं. आत एक उंच, वाकलेला माणूस टेबलाशी बसून पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली, असं मला नंतर कळलं. मी संस्थेचं नाव सांगितलं तसा त्यानं ब्रश खाली ठेवला.

"बाई गेल्या, वाचलं मी," तो म्हणाला. "यायचं होतं. पाय निघाला नाही. बसा."

बसल्यावर तोच बोलायला लागला. "दरवर्षी यायच्या त्या. त्या तारखेला. मी पहिली तीन वर्षं त्यांना दारातूनच शिव्या घातल्या. काय काय बोललो, तुम्हाला सांगता येणार नाही. मूलबाळ नसलेल्या बाईला जे बोलू नये ते सगळं बोललो. ऐकून घ्यायच्या आणि खाली जायच्या. पुढच्या वर्षी परत हजर. मग एका वर्षी हिनं त्यांना आत घेतलं. ही गेल्यावरही यायच्या. तासभर बसायच्या, मी काम करायचो. बोलायचो असं नाही फारसं."

मला यातलं काही माहीत नव्हतं. थंडीतला एक दिवस बाई कामावर येत नसत, आणि आम्ही समजायचो की सर्दी झाली असेल.

बाईंनी सांगितलेलं मला आठवत होतं. तरीही मी बोलले. मन हलकं करायला बोलले की त्यांच्या नावावरचा डाग पुसायला, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कार्ड, ऊन, पायऱ्या पुसणारी बाई, खोट्या तारखा, सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. खळ वाळून ब्रशचे केस ताठ झाले.

"कोणता दिवस म्हणालात?" त्यानं विचारलं.

मी तारीख सांगितली. वार सांगितला.

"शाळेला सुट्टी होती तेव्हा," तो म्हणाला. "आम्ही दोघं कामावर. ती घरीच असायची. ऊन येतं म्हणून खिडक्या लावून चित्रं काढत बसायची." त्यानं ब्रश उचलून पाण्याच्या डब्यात टाकला. "दार तिनंच उघडलं असतं."

मी वळून त्या दाराकडे पाहिलं. 

"मी त्या बाईंना वांझोटी म्हणालो होतो," तो एकदम म्हणाला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "तीन वर्षं. आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही की ती मी नव्हे. आता मी काय करू? सांगा ना, आता कुणापाशी जाऊ? तुम्ही त्या असताना का नाही आलात?"

 माझ्या रडण्याची त्याला गरज नव्हती, म्हणून मी ते कसंबसं आवरलं.

निघताना तो दारापर्यंत आला. "त्या वेळी पेपरात त्यांचं नाव आलं होतं," तो म्हणाला. "आता तुमचं येऊ द्या. आणि पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादक मुलगा वयानं माझ्यापेक्षा बराच लहान होता. त्यानं माझं पत्र वाचलं आणि गोंधळून म्हणाला, "मॅडम, एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता कुणाला आठवतंय? शिवाय संस्थेचं नाव खराब होईल."

"छापा," मी म्हटलं. "काटछाट करू नका."

त्यानं छापलं, आतल्या पानावर, वाचकांच्या पत्रांमध्ये, निम्मं कापून. 'ते घर माझ्याकडे होतं, बाईंकडे नव्हतं' हे वाक्य मात्र राहिलं. ताईनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. संस्थेत काहींनी माझ्याकडे पाहणं सोडलं. सलूनवाल्याचा फोन आला. म्हणाला, "बाईंनी मला कधी सांगितलं नाही हो," आणि ठेवून दिला.

कात्रण मी पाकिटात घालून बांधणीवाल्याला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्याच्या सहीची पोस्टाची पोचपावती तेवढी परत आली.